डुबिया झुरळं आणि वॉटर क्रिस्टल्स: आठ-नऊ महिने वापरल्यानंतर

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगते. पाळलेल्या पालीला खायला घालायला किडे हवे असतील तर डुबिया झुरळं घ्या, रातकिड्यांचा नाद सोडा. वॉटर क्रिस्टल्सचं, म्हणजे किड्यांना पाणी पुरवणाऱ्या फुगणाऱ्या दाण्यांचं, पाकीट घेतलंत तर ते बाहेरगावी जाताना वापरा, रोजचं पाणी भाजीतून द्या. का ते पुढे लिहिलंय, आणि ते लांबलंय.

आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. लेकाकडे लेपर्ड गेको आहे, म्हणजे ठिपक्यांची पाळीव पाल. बिअर्डेड ड्रॅगन हा दुसरा पाळीव सरडा निदान पालेभाजी तरी खातो. गेको मात्र शुद्ध मांसाहारी. किडे, आणि तेही हलणारे. त्याच्या वाटीत पाणी असतंच, पण पोटात जाणारं बरंचसं पाणी किड्यांच्या अंगातून येतं. निरोगी किड्याच्या वजनात निम्म्याहून बरंच जास्त पाणी असतं. सुकलेला किडा दिला की नुसतं कवच गिळायला दिल्यासारखं होतं. त्यामुळे किड्यांनी काय खाल्लं याआधी ते नीट प्याले का हे बघायचं, असं माझं आता पक्कं मत झालंय. तहानलेला किडा खातही नाही, मग त्याला महागडं गटलोड (गेकोला देण्याआधी किड्याला चारायचं पौष्टिक खाद्य) घालून उपयोग काय?

सुरुवात सगळ्यांसारखी रातकिड्यांनीच झाली. दुकानातून दर आठवड्याला डबा आणायचा, त्यातले बरेच चार दिवसांत मरायचे, उरलेले रात्रभर किर्र करायचे. वासाबद्दल तर न बोललेलं बरं. मेलेले किडे आणि ओली लेंडी एकत्र आली की अमोनियाचा भपकारा येतो आणि त्या भपकाऱ्यात उरलेलेही मरतात. शिवाय रातकिडा पाण्याच्या उथळ झाकणातसुद्धा बुडतो. स्पंज ठेवला तर तो दोन दिवसांत कुजतो. २०१० च्या सुमारास अमेरिकेतल्या रातकिड्यांच्या फार्मवर डेन्सोव्हायरस या रातकिड्यांना मारणाऱ्या विषाणूची साथ आली होती, कित्येकांचं दिवाळं वाजलं. तेव्हापासून बरेच विक्रेते बँडेड जातीचे रातकिडे विकतात. ते साथीला दाद देत नाहीत, पण उड्या अशा मारतात की डबा उघडला की निम्मे सोफ्याखाली.

मग डुबिया. शास्त्रीय नाव ब्लाप्टिका डुबिया, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं झुरळ. गुळगुळीत प्लास्टिकवर चढता येत नाही, मादीला उडता येत नाही, नर फार तर फडफडतो. आवाज नाही, वास जवळजवळ नाही. मादी अंडी बाहेर टाकत नाही, पोटातच उबवते आणि वीस-तीस पिल्लं थेट बाहेर सोडते. फक्त ऊब हवी. तीस अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलं तर वसाहत वाढते, खोलीच्या थंडीत नुसती जिवंत राहते. धीर मात्र हवा. पिल्लू मोठं व्हायला चार-पाच महिने सहज जातात, म्हणून पहिले काही महिने आपल्याच वसाहतीतलं काढून खायला घालू नका, वेगळं विकत आणा.

आमची पहिली ऑर्डर भर जानेवारीत आली. बाहेर उणे तापमान, खोका दारात किती वेळ पडून होता देव जाणे. हातात घेतला तर आतला हीट पॅक गार. तिथेच शंकेची पाल चुकचुकली. निम्मी मेलेली निघाली. विक्रेत्याने फोटो मागवून पुन्हा पाठवली, पण थंडीत मागवायचं असेल तर कुरियरच्या ऑफिसातच ठेवून घ्या आणि स्वतः जाऊन आणा, एवढं नक्की सांगेन.

मांडणी साधी आहे. गडद रंगाचा मोठा प्लास्टिकचा डबा, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेले म्हणजे लेंडी खाली गळते, एका बाजूला थर्मोस्टॅट लावलेली हीट मॅट, आणि झाकणात चौकोन कापून बसवलेली धातूची जाळी. प्लास्टिकची जाळी नको, रातकिडे ठेवलेत तर ती कुरतडून टाकतात. जाळी मोठी ठेवा. पाणी द्यायचं, पण डब्यात ओल साठू द्यायची नाही, हीच यातली सगळी कसरत आहे.

आता क्रिस्टल्सकडे येते, कारण पाकिटावर जे लिहिलेलं असतं त्यावरच बहुतेकांचा भरवसा असतो. हे पाणी शोषणाऱ्या पॉलिमरचे कोरडे दाणे असतात, बाळाच्या डायपरमध्ये असतं त्याच कुळातले. पाण्यात टाकले की काही तासांत भिजलेल्या साबुदाण्यासारखे फुगतात, फक्त चिकट होत नाहीत. किडे ते चोखतात, बुडत नाहीत. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांसाठी हे खरंच सोयीचं आहे. एवढ्याशा जिवाला पाण्याचा थेंबही अडकवून ठेवतो.

पण पाकिटावर ‘एका चमच्यात इतकं पाणी’ असं जे छापलेलं असतं ते शुद्ध पाण्याचं गणित असतं. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या पॉलिमरला धरून ठेवतं आणि तो पुरता फुगत नाही. आमच्याकडे मिशिगन सरोवराचं पाणी येतं, मध्यम जड. शेजारी शेजारी दोन वाट्या ठेवून पाहिलं: डिस्टिल्ड पाण्यातले दाणे टपोरे आणि काचेसारखे स्वच्छ, नळाच्या पाण्यातले लहान. विहिरीचं जड पाणी असेल त्यांच्याकडे फरक आणखी दिसेल. याच कारणामुळे ‘कॅल्शियमयुक्त’ जेलसाठी, म्हणजे अशाच फुगवलेल्या दाण्यांसाठी, जास्तीचे डॉलर मोजायला माझी तयारी नाही. कॅल्शियम वाढवाल तसं जेल पाणी कमी धरतं, आणि त्या चोखण्यातून किड्याच्या पोटात जाणाऱ्या कॅल्शियमने गेकोच्या हाडांचा प्रश्न सुटत नाही.

हाडांचा प्रश्न खरा आहे, म्हणून दोन वाक्यं. रातकिडा असो की मीलवर्म (कोंड्यात वाढणारी भुंग्याची अळी), त्यांच्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो. सरड्या-पालींना उलट हवं असतं, साधारण दोनास एक. गटलोडमधून भर घालायची तर त्या खाद्यात आठ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम लागतं आणि तेही गेकोला देण्याआधीचे शेवटचे दोन-तीन दिवस, कारण कायम तसलं खाऊन किडेच मरायला लागतात. तेव्हा पावडर लावणं चुकत नाही. किड्यावर कॅल्शियम भुरभुरा आणि लगेच द्या. रातकिडा तर थोड्याच वेळात मिशा-पाय चोखून स्वतःला लख्ख करून टाकतो. अपवाद ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्यांचा, त्यांच्यात मुळातच कॅल्शियम भरपूर असतं.

जेलचा रोजचा अनुभव असा. उन्हाळ्यात ठीक. हिवाळ्यात घरातलं हीटिंग चालू असलं की हवा इतकी कोरडी होते की दाणे दोन दिवसांत आक्रसून त्यांच्यावर चामट पापुद्रा येतो. त्यावर लेंडी चिकटते, मग बुरशी. फेकायची गरज नसते, चाळणीत धुऊन पुन्हा भिजवता येतात, पण ते काम रोज कोण करणार? गेकोच्या टाकीत मात्र हे दाणे कधीही ठेवू नका. त्याने गिळले तर आत काय होईल त्याची परीक्षा घ्यायला नको.

भाजीचं तसं नाही. गाजर, रताळं, लाल भोपळ्याची सालं, संत्र्याची फोड, यांतून पाणी आणि खाणं दोन्ही जातं. देसी दुकानातून आणलेल्या कोथिंबिरीच्या काड्या डुबिया अक्षरशः फस्त करतात. काकडी आणि आइसबर्ग लेट्यूस म्हणजे नुसतं पाणी, जेलच्या जागी चालेल. पालक टाळते, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. भाजी चोळून धुवायची, कीटकनाशक हे शेवटी कीटकांनाच मारायला बनवलेलं असतं. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढायचं. कोरडं खाद्य वेगळ्या झाकणात: ओट्स, गव्हाचा कोंडा, थोडी प्रथिनं. कुत्र्या-मांजरांचं खाद्य भरभरून घालू नका. जास्तीचा नायट्रोजन झुरळं युरेटच्या रूपात अंगात साठवतात आणि तो शेवटी गेकोच्या पोटात जातो.

सासूबाई सांगलीहून आल्या होत्या तेव्हा मी ओट्यावर गाजर किसत होते. म्हणाल्या, “हलवा करतेयस का गं?” म्हटलं, “नाही आई, झुरळांना.” त्यावर काही बोलल्या नाहीत, पण मुक्काम संपेपर्यंत ती किसणी त्यांनी वापरली नाही.

पाणी कमी पडलं की पहिला फटका कात टाकताना बसतो. एका रात्री टॉर्च मारला तर ट्रेच्या कडेला एक पिल्लू उलटं लटकलेलं, पाठीवर कात उभी फाटलेली आणि आतून पांढरंशुभ्र अंग बाहेर सरकतंय, काळे फक्त डोळे. मिशा तर दोरा ओवून काढावा तशा हळूहळू ओढून काढल्या त्याने. सकाळपर्यंत पुन्हा तपकिरी. कोरड्या डब्यात हेच पिल्लू पाय अडकून अर्धवट राहतं आणि भावंडं त्याला कुरतडतात. तळाशी अशी अर्धी-मुर्धी पिल्लं दिसू लागली की हवामान, खाद्य वगैरे सोडा, आधी पाणी बघा. जाता जाता, कात टाकलेलं पांढरं पिल्लू गेकोला फार आवडतं; मऊ असतं ना.

मीलवर्मला एवढे लाड लागत नाहीत. कोंड्यावर गाजराची चकती ठेवली की पुरे, आणि फ्रिजमध्ये ठेवले की कोष होणं लांबतं. सुपरवर्म, म्हणजे तशाच पण मोठ्या अळ्या, मात्र फ्रिजमध्ये मरतात. कोंडा दमट झाला की डब्याच्या कडेला बारीक तपकिरी धुरळा दिसतो आणि तो हलत असतो: ते माइट्स, म्हणजे अगदी बारीक जीव. तसा डबा सरळ रिकामा करून नवा कोंडा भरायचा.

लेकाला आणखी एक गोष्ट बजावून ठेवलीय. जून-जुलैत आमच्या अंगणात काजवे असतात, मुलं बरणीत पकडतात. काजवा गेकोला द्यायचा नाही, एकही नाही. त्यातल्या विषाने पाळलेले बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत. बागेतले इतर किडेही आम्ही देत नाही, शेजारी लॉनवर काय फवारतात कुणाला ठाऊक.

तक्रारीही आहेत. डुबिया पाळणाऱ्या काहींना पुढे अ‍ॅलर्जी होते. झुरळांच्या लेंडीचा धुरळा दम्याला वाईटच. मी डबा गॅरेजमध्ये नेऊन मास्क आणि हातमोजे घालूनच साफ करते. ‘सुटून घरभर होतील’ ही भीती मात्र आमच्या थंड घरात मला वाटत नाही, तेवढ्या उबेशिवाय त्यांची पैदास होत नाही. फ्लोरिडाचं हवामान वेगळं, तिथे डुबियावर बंदी आहे आणि विक्रेते पाठवतही नाहीत. तिकडच्या मंडळींनी डिस्कॉइड या दुसऱ्या जातीची झुरळं घ्यावीत. कॅनडातही डुबिया चालत नाहीत, मागवण्याआधी बघून घ्या.