अर्ध्या पेनीची नोंद : इंग्लंडमधील ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’चे परीक्षण

सफक काउंटीतील एका शेतात, गव्हाची कापणी झाल्यानंतर आणि पुढची पेरणी सुरू होण्याआधी जे काही मोकळे आठवडे मिळतात त्या अवधीत, गेल्या सप्टेंबरमध्ये मला मेटल डिटेक्टरने चांदीच्या एका नाण्याचा अर्धा तुकडा सापडला. त्याची नोंद मी ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखाली चालणाऱ्या, लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ या योजनेकडे केली आणि हे परीक्षण त्या सेवेचे आहे. कोणता डिटेक्टर घ्यावा हे सांगणारे पावलोपावली भेटतात. पण जमिनीतून निघालेल्या वस्तूचे पुढे काय करायचे हे नीट सांगणारे फारसे भेटत नाहीत, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

नाणे घेऊन मी आधी गेलो होतो ते जवळच्या गावातील एका नाणे-व्यापाऱ्याकडे. त्याने भिंगसुद्धा न लावता ‘तुटलेले आहे’ असे सांगितले, पंधरा पौंड देऊ केले आणि विकायचे नसेल तर चांदी उजळण्याच्या पॉलिशने घासून ठेवावे असा सल्लाही दिला. किंमत कदाचित फार चुकीची नसेल. बाकी दोन्ही गोष्टी साफ चुकीच्या होत्या. जुने नाणे घासले की त्यावरची शतकांची झाक जाते, ठशाचे बारीक कंगोरे झिजतात आणि जाणकार ग्राहक ते हातातही धरत नाही. आपल्याकडे चिंच लावून शिवराई लखलखीत करणाऱ्यांनाही हेच सांगावेसे वाटते.

या योजनेचे सुमारे चाळीस अधिकारी इंग्लंड आणि वेल्समध्ये विखुरलेले आहेत. त्यांना ‘फाइंड्स लायझन ऑफिसर’ म्हणतात आणि बहुधा प्रत्येक काउंटीला एक असतो. आमच्या भागातील अधिकारी बाईंनी तुकडा हातात घेताच पहिला प्रश्न विचारला तो किमतीचा नव्हे, तर ‘नेमका कुठे सापडला?’ हा. मी खड्ड्याशी उभा राहूनच नकाशावरची जागा दाखवणारा आठ अंकी ग्रिड संदर्भ फोनमध्ये टिपून ठेवला होता. तो पाहून त्यांना जो आनंद झाला तितका नाणे पाहूनही झाला नसावा. मग त्यांनी तुकड्याचे वजन केले, व्यास मोजला आणि दिवा आडवा धरून मला भिंगातून पाहायला सांगितले.

कापलेली कड सरळ होती, खालीवर तुटलेली नव्हती. इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याच्या काळात, १२४७ साली, पेनीवर दुहेरी रेघांचा लांब क्रूस आला आणि त्याचे हात थेट नाण्याच्या कडेपर्यंत नेले गेले, म्हणजे कोणी कड कातरून चांदी चोरली तर ते लगेच उघडे पडावे. त्याच क्रूसाच्या रेघेवरून नाणे कापले की अर्धी पेनी आणि पुन्हा कापले की पाव पेनी. अर्ध्या आणि पाव पेनीची गोल नाणी नियमितपणे पाडली जाऊ लागली ती १२७९ नंतर. तोवर बाजारात सुटे म्हणून हेच तुकडे चालत. क्रूसाच्या चार घरांपैकी दोन घरे माझ्या तुकड्यावर होती. एका घरात ‘ओ, एन, एल’ आणि दुसऱ्यात ‘व्ही, एन, डी’ अशी अक्षरे होती. ती जोडून वाचली की ‘ऑन लुंद’, म्हणजे लंडनच्या टांकसाळीतला. नाणे पाडणाऱ्याचे नाव मात्र दुसऱ्या अर्ध्यावर गेले आणि ते अर्धे पावणेआठशे वर्षांपूर्वी कोणाच्या मुठीत गेले ते गेले. हे सगळे मला वीस मिनिटांत, एक पैसाही न घेता समजावून सांगण्यात आले.

नोंदीसाठी कोणतेही शुल्क नाही आणि नोंद झाल्यावर वस्तू परत मिळते. छायाचित्र, वजन, व्यास आणि वर्णन यांसह नाणे योजनेच्या सार्वजनिक माहितीकोशात जाते. या कोशात आता पंधरा लाखांहून अधिक वस्तू आहेत, आणि माझ्या तुकड्याला ‘एसएफ’ने सुरू होणारा क्रमांक मिळाला आहे. नेमकी जागा सर्वसामान्य वाचकाला दिसत नाही. ढोबळ परिसर तेवढा दिसतो. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण इथे ‘नाइटहॉक’ म्हणून ओळखले जाणारे लोक रात्री परवानगीविना शेते खणतात. सफकमधीलच रेंडलशम येथे अशा चोरट्या खणण्याला वैतागून शेतमालकाने काउंटीच्या पुरातत्त्व विभागाची मदत मागितली. २००८ पासून डिटेक्टरधारकांनी प्रत्येक वस्तूची जागा टिपत पद्धतशीर पाहणी केली, आणि त्यातून अँग्लो-सॅक्सन राजवटीचे एक मोठे केंद्र उजेडात आले. किरकोळ दिसणारे तुकडे नकाशावर शेजारीशेजारी बसले म्हणूनच ते शक्य झाले.

आता पैशाविषयी, कारण प्रत्येक जण तेच विचारतो. १९९६च्या ट्रेझर कायद्यानुसार तीनशे वर्षांहून जुनी आणि किमान दहा टक्के सोने किंवा चांदी असलेली दोन किंवा अधिक नाणी एकाच ठिकाणी निघाली, तर ती ‘ट्रेझर’, म्हणजे आपल्या भाषेत गुप्तधन, ठरू शकतात आणि चौदा दिवसांच्या आत त्यांची वर्दी कॉरोनरकडे पोहोचावी लागते. अकस्मात मृत्यूची चौकशी करणारा तोच कॉरोनर गुप्तधनाचीही चौकशी करतो, याची मला अजून गंमत वाटते. संग्रहालयाला वस्तू हवी असेल तर स्वतंत्र मूल्यांकन समिती बाजारभाव ठरवते आणि ती रक्कम साधारणपणे शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. चू व्हॅलीत २०१९ मध्ये सापडलेल्या २,५८४ चांदीच्या नाण्यांसाठी ४३ लाख पौंड मोजले गेले ते याच मार्गाने. एकटे नाणे मात्र सहसा या व्याख्येत बसत नाही. डेव्हनमधील हेमयॉक गावी २०२१ मध्ये मिळालेली तिसऱ्या हेन्रीची सोन्याची पेनी म्हणूनच थेट लिलावात जाऊ शकली आणि तिला ६,४८,००० पौंड आले. माझी अर्धी पेनी त्याच राजाची, हे सांगताना घरच्यांचे चेहरे क्षणभर उजळले होते.

या व्यवस्थेची लंगडी बाजू म्हणजे वेळ. चौकशी, संग्रहालयाची संमती, मूल्यांकन आणि मग रक्कम या साखळीला महिनोन्महिने लागतात आणि वर्ष उलटणेही नवलाचे नाही. एकेका अधिकाऱ्यावर अख्ख्या काउंटीचा भार असल्यामुळे साध्या नोंदीलाही धीर लागतो. शेतकऱ्याकडून लेखी परवानगी आणि वाटणीचा करार आधीच करून ठेवला नसेल, तर पुढे कटकट होते ती वेगळीच. तरीही वर्दी न देण्याचा मोह किती महाग पडतो ते हेरफर्डशरच्या खटल्याने दाखवले आहे. २०१५ मध्ये तिथे सापडलेला साठा दोघांनी दडवला. सुमारे तीनशे नाण्यांपैकी मोजकीच हाती लागली आणि २०१९ मध्ये दोघांनाही दीर्घ तुरुंगवास झाला. कायद्याने वागले असते तर त्यांच्या वाट्याला मोठी रक्कम आली असती. आणि जी नाणी विखुरली, त्यांच्याबरोबर नवव्या शतकातील आल्फ्रेड राजाच्या काळाविषयीचा पुरावाही गेला.

पुण्याच्या माझ्या चुलतभावाने हे ऐकून ‘असले यंत्र घेऊन एकदा गडावर जाऊ’ असे फोनवर उत्साहाने सुचवले. त्याला सांगितले ते इथेही सांगतो : संरक्षित स्मारकाच्या आवारात परवान्याविना खणणे हा गुन्हा आहे, आणि इतरत्र काही निघाले तरी १८७८चा भारतीय निखात निधी अधिनियम लागू होतो. त्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. सरकारने ती घ्यायची ठरवली तर तिच्या धातूची किंमत आणि वर त्या किमतीचा पाचवा हिस्सा, एवढेच देण्याची त्यात तरतूद आहे. म्हणजे दुर्मीळ सातवाहन नाणे आणि वितळवलेली तेवढीच चांदी यांत कायद्याच्या लेखी फरक नाही. अशा स्थितीत प्रामाणिक माणसालाही सराफाचे दुकान जवळचे वाटते. वास्तविक नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला आणि त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला दिसला; कोणी कोणाचे राज्य घेतले याचा इतका रोखठोक पुरावा तो साठा एकत्र तपासला गेला म्हणूनच हाती आला. वितळवला असता तर काही किलो चांदी झाली असती.

सेवेला पाचपैकी साडेचार गुण देतो. अर्धा गुण कापला तो प्रतीक्षेसाठी. नवख्यांना व्यावहारिक सूचना एवढीच की नाणे पाण्याखाली चोळू नये, प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत ठेवून त्यावर जागा लिहावी, आणि एकाच खड्ड्यातून नाण्यांमागून नाणी निघू लागली तर खणणे तिथेच थांबवून अधिकाऱ्याला बोलवावे. सॉमरसेटमधील फ्रोम येथे २०१० मध्ये शोधणाऱ्याने नेमके हेच केले, म्हणून ५२,५०३ रोमन नाण्यांचा रांजण थराथराने उपसता आला.

नोंदीची छापील प्रत मी शेतमालकांना नेऊन दिली आणि करारानुसार त्यांचा वाटा विचारला. अर्ध्या पेनीतले अर्धे घेऊन मी काय करू, असे म्हणून त्यांनी नाणे माझ्याच हातात परत ठेवले. कागद मात्र स्वयंपाकघरात घड्याळाखाली लावला, आणि वरच्या शेतातले बीन्स निघाले की फोन करतो असे सांगितले.