कॅन्सरची तपासणी: गावचं आरोग्य मंदिर की शहरातलं पॅकेज?

शिरोळकडच्या एका शेतमजूर काकूंचा प्रश्न: गावात सरकारी तपासणी करू, की कोल्हापुरात खासगी पॅकेज घेऊ?

खर्चाचं उत्तर सोपं आहे. गावात पैसे लागत नाहीत. शहरात पॅकेजचे पैसे जातात, वर दिवसाची मजुरीही बुडते.

तपासतात काय, हे जास्त महत्त्वाचं. गावच्या सरकारी आरोग्य केंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात, तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी असते. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा डाग उमटतो का बघतात, निकाल तिथंच. ही पद्धत साधी म्हणून तिला कमी लेखू नका. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयाने ती राबवली, तेव्हा तपासणीच्या गटात या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी आढळले. पॅकेजमधले रक्तातले 'कॅन्सर मार्कर' मात्र निरोगी बाईच्या फारसे कामाचे नाहीत. खासगीत खरा फायदा मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि एचपीव्ही चाचणीचा (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू शोधणारी).

संशय आला तर पुढे कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जावं लागतं. इथंच बायका कचरतात, म्हणून आशाताईंना सोबत न्या. सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना उपचारासाठी आहे, पॅकेजसाठी नाही.

काकू, काही त्रास नसेल तर गावातच करा. आई-बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना विचारून मॅमोग्राफीवर खर्च करा. गाठ लागत असेल, पाळी गेल्यावर अंगावरून रक्त जात असेल किंवा तोंडातली जखम भरत नसेल, तर थेट सीपीआर गाठा.