मायलर पिशव्या, जाड बोर्ड आणि बेसमेंट: जुन्या कॉमिक्ससाठी नऊ महिने वापरल्यानंतर

मागच्या ऑक्टोबरात मी माझी सगळी जुनी कॉमिक्स साध्या पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्यांमधून काढून मायलरमध्ये, म्हणजे पॉलिएस्टर फिल्मच्या पिशव्यांमध्ये घातली, प्रत्येक अंकाच्या मागे आधाराला एक जाड बोर्ड. आता जुलै संपत आलाय, म्हणजे हीटरची कोरडी थंडी, एप्रिलचा पाऊस आणि न्यू जर्सीचा चिकट उन्हाळा असं सगळं त्यांनी बघून झालंय, म्हणून आत्ता लिहितेय. महिन्याभरात लिहिलं असतं तर "दिसतात छान" याच्या पुढे काही सांगता आलं नसतं.

कलेक्शन मध्यम आहे, साधारण ३४० अंक, बहुतेक १९६४ ते १९७८ मधले मार्व्हल आणि थोडे डीसी. बदलायचं ठरलं ते एका संध्याकाळमुळे. अमेझिंग स्पायडर-मॅन १२९, फेब्रुवारी १९७४ चा, पनिशर हे पात्र पहिल्यांदा येतं तो अंक, वाचायला म्हणून बाहेर काढत होते आणि पिशवीच्या फ्लॅपवरची टेप कव्हरला चिकटली. बारीकसा टर्र आवाज आला आणि नखाएवढा रंग टेपबरोबर निघून आला, खाली पांढरा कागद. पन्नास वर्षं तो अंक कुणाकुणाच्या घरात नीट राहिला होता. त्या रात्री झोप लागली नाही हे अगदी खरं सांगते.

तर पहिला आणि सगळ्यात मोठा फायदा हाच की मायलरला टेप लागत नाही. फ्लॅप मागे दुमडून बोर्ड आणि पिशवीच्या मध्ये खोचायचा, झालं. मी २ मिलवाल्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घेतल्या, ४ मिलवाल्या जास्त ताठ आणि जास्त महाग, त्या फक्त बारा-पंधरा खास अंकांना. मायलर काचेसारखं स्वच्छ राहतं, साध्या पिशव्या काही वर्षांनी पिवळट आणि लाटा आल्यासारख्या होतात आणि बदलाव्या लागतात. मला पिशवी आणि बोर्ड मिळून एका अंकाला दीड डॉलरच्या आसपास पडलं. सगळ्यांना एकदम घालायची गरज नाही, पाच डॉलरच्या अंकाला साधी पिशवी पुरते.

बोर्डकडे मात्र कंजुषी करू नका. जुनी कॉमिक्स स्वस्त न्यूजप्रिंटवर छापलेली, लाकडाच्या लगद्यात लिग्निन असतं, हवा आणि उजेड लागला की कागदात आम्ल तयार होतं, मग पानं पिवळी, मग तपकिरी आणि शेवटी इतकी कडक की उलटताना कोपरा मोडून हातात येतो. चांगल्या बोर्डात कॅल्शियम कार्बोनेट असतं, ते थोडं आम्ल शोषून घेतं. एका बाजूला चकचकीत असलेले स्वस्त बोर्ड मिळतात, त्यातल्या काहींना फक्त वरून लेप दिलेला असतो आणि आत साधाच पुठ्ठा. ते मी सगळे काढून टाकले.

तक्रार एकच, मापाची. साठच्या दशकातले अंक आजच्यापेक्षा रुंद असतात, चाळीसच्या दशकातले त्याहून रुंद. मी सगळ्यांसाठी एकच "सिल्व्हर एज" माप, म्हणजे साठच्या दशकातल्या अंकांचं, मागवलं आणि सत्तरीतले अंक आत सरकायला लागले, बॉक्स हलवला की कोपरा पिशवीच्या कडेला आपटतो. ऐंशी पिशव्या परत मागवल्या. आणि मायलरची कड धारदार असते, अंक एकटा आत ढकलू नका, बोर्डावर ठेवून बोर्डासकट सरकवा, बोर्डाचे कोपरे पुढे राहिले पाहिजेत.

आता बेसमेंट. तिथे हवेतला दमटपणा मोजणारा वीस डॉलरचा छोटा हायग्रोमीटर ठेवला आणि रोज आकडा लिहायची सवय लावून घेतली. जानेवारीत ३६-३८ टक्के, मे पासून चढायला लागला आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ६८ टक्के. मायलरच्या पिशवीला वरून तोंड असतं, त्यामुळे दमट हवा आत जातेच, हे बऱ्याच लोकांच्या लक्षात येत नाही. डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारं यंत्र, लावल्यावर आकडा ४८ ते ५० वर स्थिर झाला. मागच्या उन्हाळ्यात हे काहीच नव्हतं तेव्हा दोन अंकांच्या पिनांभोवती तांबूस डाग दिसायला लागले होते, यावेळी एकही नवा डाग नाही. बॉक्स जमिनीपासून वर रॅकवर, अंक उभे, घट्टही नाहीत आणि कलंडतील इतके सैलही नाहीत, नाहीतर स्पाइनला, म्हणजे पिना मारलेल्या घडीच्या कडेला, बाक येतो.

बाक, डाग, पिना यांबद्दल एवढं लिहितेय कारण किंमत तिथेच ठरते. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे घरी जुनी कॉमिक्स आहेत, किती येतील? जुनेपणाला एकट्याने किंमत नसते. १९९१ मधल्या एक्स-मेन नंबर १ च्या ८० लाखांहून जास्त प्रती दुकानात गेल्या, लोकांनी गुंतवणूक म्हणून जपूनही ठेवल्या, त्यामुळे आज तो चांगल्या अवस्थेतसुद्धा काही डॉलरला मिळतो. उलट अ‍ॅक्शन कॉमिक्स नंबर १, जून १९३८, किंमत १० सेंट, सुपरमॅन पहिल्यांदा येतो तो अंक, मुलांनी वाचून फाडला, महायुद्धात रद्दीच्या मोहिमांमध्ये त्या काळातली कॉमिक्स ढिगाने गेली, जे उरले ते थोडे. त्याची ८.५ ग्रेडची (ग्रेड म्हणजे अंकाच्या अवस्थेला दहापैकी दिलेले गुण) प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली. (कुणी काकांच्या पेटीत तो सापडला म्हणालं तर आधी पट्टीने मोजा. डीसीने १९७४ मध्ये त्याचं मोठ्या आकाराचं रीप्रिंट काढलं होतं, त्याचं बाहेरचं कव्हर काढून टाकलं की आतलं मूळ अंकासारखंच दिसतं, फक्त आकाराने कितीतरी मोठं.)

ओव्हरस्ट्रीटचं प्राइस गाइड १९७० पासून निघतंय, मी दरवर्षी घेते आणि इतिहासासाठी ते मला हवंच असतं, पण खरेदीच्या दिवशी मी गेल्या दोन-तीन महिन्यांत त्याच ग्रेडचा अंक प्रत्यक्षात कितीला विकला गेला तेच बघते. मागितलेली किंमत बघायची नाही, मिळालेली बघायची. २०२१ मध्ये भाव वेड्यासारखे चढले होते आणि नंतर उतरले, त्या उंचीवर घेतलेले माझे तीन अंक अजून तिथे परत आलेले नाहीत.

याच काळात आयुष्यातली मोठी खरेदी करायला गेले, इन्क्रेडिबल हल्क १८१, नोव्हेंबर १९७४. आदल्या अंकाच्या शेवटच्या पॅनलमध्ये वुल्व्हरिन दिसतो, पण पूर्ण येतो तो यात. विक्रेत्याने "पूर्ण अंक" असं लिहिलं होतं, फोटो फक्त कव्हरचे. पार्सल आलं, हात धुऊन, कोरडे करून, टेबलावर पांढरा टॉवेल पसरून पानं एकेक मोजली आणि वाचकांच्या पत्रांच्या पानावर काडेपेटीएवढी चौकोनी खिडकी! त्या काळात मार्व्हल अंकात व्हॅल्यू स्टॅम्प, म्हणजे पात्रांची छोटी चित्रं, छापायचे आणि मुलं ते कापून वहीत चिकटवायची. या अंकात शॅना या मार्व्हलच्या नायिकेचा स्टॅम्प असतो. तो नसेल तर ग्रेडिंगमध्ये हिरवं क्वालिफाइड लेबल (म्हणजे मोठा दोष असल्याची नोंद), नाहीतर ग्रेड एकदम तळाला, आणि किंमत निम्म्याच्याही खाली जाऊ शकते. तीन आठवडे मेल, फोटो, परत मेल, मग पैसे मिळाले. १९७४ ते ७६ मधला कुठलाही मार्व्हल अंक घेताना त्या पानाचा फोटो मागा, विक्रेता टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या.

ग्रेडिंग करून प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये बंद करायचं का, तर विकायचा महाग अंक असेल तर करा. मी एकच केला. मला वाचायचे असतात आणि स्लॅबमधला अंक उघडता येत नाही. स्पायडर-मॅनच्या त्या पांढऱ्या डागावर मार्करने रंग लावून देतो असं एकाने सुचवलं होतं, मी नाही म्हटलं. तसा रंग लावलेला अंक रिस्टोअर्ड, म्हणजे दुरुस्त केलेला, धरला जातो, जांभळं लेबल लागतं आणि न लावलेल्यापेक्षा कमीला जातो. डाग आहे तो आहे.

एक घरचं. रत्नागिरीला दादाकडे आमचे लहानपणचे मराठी इंद्रजाल अंक आहेत, वेताळाचे, म्हणजे फँटमचे. टाइम्सने १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं आणि १९९० मध्ये बंद झालं, आणि ली फॉकचा हा वेताळ १९३६ चा, म्हणजे सुपरमॅनच्याही आधीचा. बाजारात त्यांना काय भाव येतो याच्याशी मला देणंघेणं नाही, ते आम्हाला विकायचेच नाहीत. पण कोकणातल्या पावसात लोखंडी कपाटात ते किती टिकणार याचा घोर होता. दादाला सांगितलं की भिंतीला लागून आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवू नकोस, रबर बँड काढ, सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि निळे दाणे गुलाबी झाले की बदल. यावेळी माप आधी मागवलं. त्याने प्रत्येक अंकाची लांबी-रुंदी पट्टीने मोजून वहीच्या पानाचा फोटो पाठवला, त्यावरून चाळीस मायलर आणि बोर्ड घेतलेत, डिसेंबरात बॅगेत घालून मीच घेऊन जाणार आहे.