ग्रॅनाइटच्या काउंटरवर बेसिन: टेबल टॉप घ्यावं की अंडर काउंटर?

दगडी काउंटरवर बेसिन बसवायचं ठरलं की बोलणं दोन प्रकारांवर येऊन थांबतं. एक म्हणजे काउंटरवर वाडग्यासारखं ठेवायचं टेबल टॉप. दुसरं म्हणजे दगड कापून त्याला खालून लावायचं अंडर काउंटर. पुण्यात भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या आसपास दुकानं हिंडलात तर टेबल टॉपच डोळ्यांत भरेल, कारण ते खरंच देखणं दिसतं. तरी नुसत्या रूपावर निवड करू नका. दगडाला किती मोठं भोक पडणार, पाणी कुठून उतरणार आणि ते रोज पुसणार कोण, हे तीन प्रश्न आधी सोडवा.

काउंटर आधीच बसवलेला असेल तर माझं मत स्पष्ट आहे: टेबल टॉप घ्या. त्याला सांडपाण्यासाठी साधारण 45 मिमीचं एक भोक पुरतं आणि ते कोअर बिटने (गोल भोक पाडणाऱ्या पोकळ बिटने), पाणी मारत, नीट पाडता येतं. अंडर काउंटरला मात्र बेसिनच्या आकाराचा मोठा तुकडा काढावा लागतो. पुढची पट्टी अरुंद राहिली किंवा कोपरा काटकोनात कापला तर तडा तिथूनच जातो. शिवाय कापलेली आतली कड दिसते, म्हणून तिला पॉलिश हवंच. हे काम दगड बसवण्याआधी, बेसिन समोर ठेवून आणि कोपरे गोलसर ठेवून झालं तरच चांगलं होतं. राहत्या घरात ग्राइंडर चालवला की धूळ कपाटाच्या आतपर्यंत पोचते.

पुढे बेसिन फुटलं तर काय, हेही आताच बघा. टेबल टॉप काढून त्याच भोकावर दुसरं कुठलंही ठेवता येतं. अंडर काउंटरला त्याच मापाचं शोधत फिरावं लागतं. ते नुसत्या सिलिकॉनवर टांगूही नये. पाण्यासकट वजन 15 ते 20 किलोपर्यंत जाऊ शकतं, म्हणून खाली ब्रॅकेट किंवा कडाप्प्याच्या पट्टीचा आधार मागून घ्या.

आता वेस्ट कपलिंग, म्हणजे बेसिनच्या तळाच्या भोकात बसणारी, सांडपाणी खाली नेणारी आट्यांची नळी. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि दुकानात याबद्दल कोणी आपणहून बोलत नाही. बेसिनच्या वरच्या काठाखाली ओव्हरफ्लोचं, म्हणजे बेसिन भरत आलं की जादा पाणी जाण्याचं, भोक आहे का, ते बघा. असेल तर हाफ थ्रेड कपलिंग लागतं. त्याच्या अंगाला खाचा असतात आणि ओव्हरफ्लोचं पाणी बेसिनच्या पोकळीतून त्या खाचांतून आत येतं. बहुतेक अंडर काउंटर बेसिन या जातीची असतात. टेबल टॉपपैकी बऱ्याचशांना ओव्हरफ्लो नसतो, त्यांना बिनखाचांचं फुल थ्रेडच हवं. तिथे हाफ थ्रेड लावलं तर खाचा दगडाच्या भोकात येतात आणि प्रत्येक वापरात थोडं पाणी बाहेर झिरपतं. वरून काहीच दिसत नाही. खालच्या कपाटाचं प्लायवूड फुगलं की मग कळतं. नट कितीही आवळला तरी ही गळती थांबत नाही, कपलिंगच बदलावं लागतं.

लांबीचंही तसंच. भिंतीवरच्या बेसिनला चालणारं 3 इंची कपलिंग इथे अपुरं पडतं. बेसिनचा तळ, 18-20 मिमी दगड, वायसर, नट आणि खाली बॉटल ट्रॅपचा (वास अडवणाऱ्या बाटलीसारख्या भांड्याचा) आटा एवढं सगळं धरायला 5 किंवा 7 इंची घ्या. दगडाची खालची बाजू खडबडीत असते, म्हणून रबरी वायसरची जागा घासून सपाट करायला सांगा. नट हाताने बसवून वर थोडासाच आवळावा, जोर केला तर बेसिनलाच चीर जाते. ओव्हरफ्लो नसलेल्या बेसिनला दाबून बंद होणारं झाकण मी सुचवणार नाही, साधं जाळीचं कपलिंग बरं. पाणी गेलेलं असताना नळ उघडा राहतो, नंतर पाणी येतं आणि झाकण बंद असेल तर सगळं जमिनीवर.

जुने प्लंबर सांध्याला सफेदा, म्हणजे तेलात कालवलेला पांढरा लेप, लावतात. त्यातलं तेल दगडात मुरतं आणि फिक्या ग्रॅनाइटवर किंवा संगमरवरावर काळपट कडं कायमचं उमटतं. सिलिकॉनच वापरा. संगमरवर असेल तर न्यूट्रल क्युअर, कारण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन त्याला खातं. बेसिन पांढऱ्या सिमेंटमध्ये बसवू देऊ नका, पुढे ते दगड न दुखावता निघत नाही.

उंची दोन्हींत वेगळी धरावी लागते. वापरायचा काठ जमिनीपासून 32-33 इंचांवर हवा. अंडर काउंटरला काउंटरच तेवढ्या उंचीवर येतो, टेबल टॉपला मात्र तो 27-28 इंचांवर आणावा लागतो. नेहमीच्या उंचीवर टेबल टॉप ठेवलं तर मुलांचे हात पोचत नाहीत आणि मोठ्यांचं पाणी कोपरावरून ओघळतं. शिवाय टॉल बॉडी पिलर कॉक, म्हणजे काउंटरवर उभा राहणारा उंच नळ, लागतो. 18 इंच खोल काउंटरवर 16 इंची बेसिन आणि मागे नळ मावत नाही. तिथे नळ कोपऱ्यात घ्या, नाहीतर भिंतीतून. भिंतीतला नळ हवा असेल तर टाइल लागण्याआधी ठरवा.

पाण्याकडे पुण्यात विशेष लक्ष द्यावं लागतं. खडकवासला धरणातून येणाऱ्या पाण्याचा फारसा त्रास नसतो. पण वाघोली, उंड्रीसारख्या भागात जिथे बोअर किंवा टँकरवर भागवावं लागतं, तिथे काळ्या ग्रॅनाइटवर क्षारांचे पांढरे डाग लवकर धरतात. टेबल टॉपभोवती, विशेषतः भिंतीच्या बाजूच्या फटीत, हे क्षार साचतात आणि फडकं तिथे पोचत नाही. अंडर काउंटरवर सांडलेलं पाणी हाताच्या एका फटकाऱ्यात बेसिनमध्ये जातं. डाग काढायला अॅसिड, लिंबू किंवा व्हिनेगर संगमरवर, कोटा आणि कडाप्प्यावर वापरूच नका, चमक जाते.

म्हणून नव्याने काम होत असेल तर आईवडील काठाला धरून उभे राहतात त्या बाथरूममध्ये मी अंडर काउंटरच लावीन. जेवणाच्या खोलीतल्या, पाहुण्यांच्या नजरेत येणाऱ्या बेसिनला टेबल टॉप शोभतं, पण खोलगट घ्या. चूळ भरताना उथळ बेसिनमधून पाणी भिंतीपर्यंत उडतं.

प्लंबरला पैसे देण्याआधी कपलिंगचं तोंड झाकून बेसिन अर्धं भरा, एकदम सोडा आणि नटाभोवती कोरडा टिश्यू फिरवा. मग रात्रभर थेंब-थेंब नळ चालू ठेवून सकाळी पुन्हा फिरवा. तोवर खालच्या कपाटात काही ठेवू नका.