कंपायलर बदलला आणि बिल्ड फुटलं: जुनाच ठेवू, फ्लॅग मारू की कोड सुधारू?

उबंटू २०.०४ वरून २४.०४ वर गेलं की जीसीसी (आपल्या सी, सी प्लस प्लस कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर) ९ चा थेट १३ होतो आणि इतके दिवस निमूट बिल्ड होणारा प्रोजेक्ट एकदम बोंबलायला लागतो. पहिला विचार हाच येतो की जाऊदे, डॉकरमध्ये (मशीनपासून वेगळ्या, बंदिस्त वातावरणात) जुना कंपायलर टाकू. डेडलाइन उद्या असेल तर खुशाल टाका, मीही टाकलाय. फक्त सी प्लस प्लस असेल तर बाहेरून आणलेल्या तयार लायब्ररी कोणत्या जीसीसीने बनवल्यात ते आधी बघा. जीसीसी ५ मध्ये (२०१५) स्ट्रिंगचा एबीआयच (कंपाइल झालेले तुकडे एकमेकांशी जुळण्याची पद्धत) बदलला, त्यामुळे जुनं-नवं मिसळलं की 'अनडिफाइन्ड रेफरन्स' ची रांग लागते.

फ्लॅग (कंपायलरला द्यायचा पर्याय) मारणं सगळ्यात सोपं, पण कुठला फ्लॅग ते महत्त्वाचं. जीसीसी १० पासून सी कोडच्या हेडरमध्ये (अनेक फाइलींत इन्क्लूड होणाऱ्या फाइलमध्ये) एक्स्टर्न न लावता ग्लोबल व्हेरिएबल टाकलं असेल तर लिंकर (सगळे तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) 'मल्टिपल डेफिनिशन' म्हणून ओरडतो, एफ-कॉमन फ्लॅग दिला की गप्प, फारसं बिघडत नाही. जीसीसी १४ चं मात्र तसं नाही. तिथे डिक्लेअर न केलेलं फंक्शन वापरणं आता सरळ एरर आहे, एफ-परमिसिव्ह देऊन परत वॉर्निंगवर आणता येतं, पण ते फंक्शन पॉइंटर (मेमरीचा पत्ता) देत असेल तर कंपायलर त्याला इंट (३२ बिटांचा आकडा) समजतो, ६४ बिट मशीनवर वरचे ३२ बिट उडतात आणि क्रॅश होतो भलतीकडेच. म्हणजे एरर बरोबर होती, आपणच तिचं तोंड बंद केलं! इथे हेडर इन्क्लूड करा, दोन मिनिटांचं काम आहे.

खरा ताप म्हणजे बिल्ड नीट होतं पण उत्तर चुकतं. ओ-झीरोला (ऑप्टिमायझेशन बंद) चालतं, ओ-टूला (ऑप्टिमायझेशन चालू) नाही, मग सगळे म्हणतात कंपायलरमध्ये बग आहे (बहुतेक वेळा आपलंच अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे भाषेच्या नियमात न बसणारा कोड, असतं). अशावेळी जुना कंपायलर फेकू नका, तो मोजपट्टी म्हणून कामाला येतो: अर्ध्या ऑब्जेक्ट फाइल (प्रत्येक सोर्स फाइलचा कंपाइल झालेला तुकडा) जुन्याने, अर्ध्या नव्याने बनवून लिंक करायच्या, कुठल्या अर्ध्यात बिघडतं बघायचं, परत अर्ध्या करायच्या, शेवटी एक फाइल उरते. मग तिच्यावर सॅनिटायझर (प्रोग्रॅम चालताना अशा चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावा, बऱ्याचदा लाइन नंबरच मिळतो.

आणि जुनाच कंपायलर ठेवायचं ठरलं तर डॉकरफाइलमध्ये व्हर्जनचा आकडा लिहा, 'लेटेस्ट' टॅग वापरू नका, नाहीतर पुढच्या वेळी इमेज पुल केली की हेच सगळं परत.