प्रूफरीडिंग चांगलं, पण आजीची भाषाच बदलून टाकली (5 पैकी 3 स्टार)

आमच्या इथे डीटीपी आणि प्रूफरीडिंगचं एक छोटं दुकान आहे, तिथे मी आजीच्या आठवणींची 48 पानी पुस्तिका दिली होती, घरातल्यांपुरत्या 50 कॉपी काढायच्या होत्या. टायपिंग एकदम स्वच्छ, वेळेत मिळालं. 'वडील' दीर्घ पण 'वडिलांनी' ऱ्हस्व हे मला शाळेपासून कधी जमलं नाही, ते त्यांनी सगळीकडे नीट करून दिलं, त्याबद्दल मनापासून थँक्यू.

पण पहिलं प्रूफ हातात आलं आणि मला कसंतरीच झालं. माझी आजी साताऱ्याकडची, आम्ही दारात पाऊल टाकलं की म्हणायची, "आगं बाय, जेवलीस का न्हाय?" त्यावर लाल पेनाने काट मारून वर लिहिलेलं, "अगं बाई, जेवलीस की नाही?" अशी माझी आजी आयुष्यात कधी बोलली नाही हो! 'तिनं भाकरी थापली' चं पण 'तिने' केलं, 'असं' चं 'असे'. विचारलं तर दुकानातले काका म्हणाले, ताई, शुद्धलेखनाचा नियम आहे. अहो, पण पात्राच्या तोंडी बोलण्यातली रूपं चालतात हे त्याच नियमांत आहे की. निवेदनात नियम 'केले' च लिहायला सांगतो हे मला माहितीय, तरी मी 'केलं' च ठेवलं, कारण ही अख्खी पुस्तिका म्हणजे मी पोरांना जवळ बसवून सांगतेय अशी आहे आणि 'केले, झाले, गेले' वाचलं की ऑफिसची नोटीस वाचल्यासारखं वाटतं.

सगळ्यात वाईट वाटलं ते आजोबांच्या 1957 च्या पत्राचं. त्यात 'तूं', 'घरांत' असं लिहिलंय, ते सगळे अनुस्वार उडवले. तेव्हा तेच शुद्ध होतं ना, हे अनुस्वार गेले 1962 च्या नियमांनी, मग 1972 ला अजून चार नियम आले. माणसांनीच ठरवलेले आणि माणसांनीच बदललेले नियम आहेत, आजोबांचं जुनं पत्र त्यांच्यात कशाला बसवायचं?

काकांनी मात्र वाद न घालता दोन दिवसांत सगळं परत होतं तसं करून दिलं, जास्तीचे पैसेपण नाही घेतले. तुम्ही काम देणार असाल तर जे बदलायचं नाही त्याला आधीच पेन्सिलने खूण करून द्या.