गरोदरपणात लोह: गोळी की सलाईन?

पालिकेच्या दवाखान्यात मिळणारी लाल गोळी फुकट. तिच्यात ६० मिलीग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड; रोज एक, १८० दिवस, बाळंतपणानंतर पुन्हा तितकीच. त्रास पोटाचा: मळमळ, बद्धकोष्ठ, काळी शी (ती बघून घाबरायचं कारण नाही). त्यात बोरिवलीहून सकाळची लोकल गाठायची, म्हणून गोळी चहाबरोबरच ढकलली जाते आणि चहा लोह नीट शोषू देत नाही. कॅल्शियमच्या गोळीचंही तेच.

सलाईनमधून फेरिक कार्बोक्सीमाल्टोज हे लोहाचं औषध एका बैठकीत १००० मिलीग्रॅमपर्यंत देता येतं. पहिल्या तिमाहीत मात्र नाही. क्वचित ॲलर्जी येते, म्हणून नंतर अर्धा तास तिथेच बसवतात.

हिमोग्लोबिन ९ आणि आठवा महिना लागलेला? मग डॉक्टरांना सलाईनचं विचाराच. साडेदहा असेल, हाताशी महिने असतील, तर माझं मत गोळीला, लिंबूपाण्याबरोबर.